एक वॉर्ड, चार उमेदवार आणि ऑर्चर्ड झोन

‘गावची जमीन विकू देणार नाही.’ गोव्यात पंचायतीला उभा राहिलेला कुठलाही उमेदवार हे म्हणतोच. म्हणणारा कधी जमीन राखणारा असतो, कधी विकणारा, कधी एकाच वेळी दोन्ही. मग मतदाराने काय धरून मत द्यायचं? पेडणे तालुक्यातल्या एका वॉर्डात २०२२ च्या निवडणुकीत उमेदवारांना समोर बसवून हे विचारलं गेलं, आणि पुढच्या तीन वर्षांत अशा काही गोष्टी घडल्या की प्रत्येकाचं उत्तर आपोआप तपासलं गेलं. त्याची ही नोंद. गावाचं नाव लिहीत नाही, उमेदवारांचीही नाही, आणि ज्यावरून माणूस लगेच ओळखू येईल असे तपशील गाळले आहेत.

मतदान १० ऑगस्ट २०२२ ला झालं, राज्यातल्या १८६ पंचायतींसाठी एकाच दिवशी. गोव्यात पंचायत निवडणूक पक्षाच्या निशाणीवर होत नाही. आमदाराचा हात कुणाच्या डोक्यावर आहे हे मात्र शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मोपाचा विमानतळ तेव्हा सुरू व्हायचा होता. त्याचं उद्घाटन त्याच वर्षी डिसेंबरात झालं. पण जमिनीचे भाव विमानाच्या आधी उतरले होते. रस्त्याकडेच्या काजूच्या भाटांना, म्हणजे बागांना, कुंपणं पडू लागली होती, आणि कुंपणावरच्या पाटीवर लिहिलेलं नाव गावात कुणी ऐकलेलं नव्हतं.

वॉर्ड साधा. मुख्य रस्त्यालगत दुकानं आणि नवी घरं, आत जुना वाडा, वाड्याच्या मागे चढावर काजू, खाली व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, दोन्ही बाजूंना भातशेती. पाणी चांदेलच्या प्रकल्पातून येतं, म्हणजे येतं तेव्हा येतं.

उमेदवार चार. एक माजी पंच. एक निवृत्त शिक्षक, ज्यांना सगळे मास्तर म्हणतात. एक किराणा दुकान चालवणारी बाई, वॉर्डाची वहिनी. चौथा जमिनींचे व्यवहार जुळवणारा तरुण. त्याला दलाल म्हटलेलं आवडत नाही, आपण इथे त्याला जमीनवाला म्हणू. वॉर्डातल्या पोरांनी चौघांना एका अंगणात बोलावलं. वर ताडपत्री, ऑगस्टचा पाऊस, सर आली की बोलणं थांबवायचं. प्रश्न लिहून काढायचं आणि उत्तरं टिपायचं काम माझ्याकडे होतं.

पहिले दोन प्रश्न अपेक्षित होते. गावातला सेटलमेंट झोन, म्हणजे वस्तीसाठी ठेवलेली जमीन, वाढवावा का? बाहेरच्या बिल्डरच्या वसाहतीला परवाना द्याल का? दोन्हींना चौघांनी ‘नाही’ म्हटलं, आणि माजी पंचाने तर मूठ आपटून म्हटलं. मास्तरांनी इतिहास सांगितला. कुठली जमीन कशासाठी वापरायची ते ठरवणारा, २०११ सालापर्यंतचा प्रादेशिक आराखडा लोकांनी रस्त्यावर उतरून २००७ साली सरकारला रद्द करायला लावला. मग २०२१ पर्यंतचा आराखडा करताना चार्ल्स कोरिया यांच्यासारखा वास्तुरचनाकार कृती दलात बसला, गावोगावचे नकाशे पंचायतीत लागले, लोकांनी आपापला सर्व्हे नंबर शोधून हरकती दिल्या. तो आराखडा २०११ साली अधिसूचित झाला आणि २०१२ मध्ये सरकार बदलताच बाजूला ठेवला गेला. हे सगळं खरं होतं. पण मास्तर, तुम्ही निवडून आलात तर काय कराल? ‘आराखडा पुन्हा ग्रामसभेत आणीन.’ तो आणण्याचा अधिकार पंचाला नाही, हे तिथे कुणी बोललं नाही.

तिसरा प्रश्न पोरांनी आग्रहाने घातला होता: लग्न झालेल्या, वाड्यातच राहू इच्छिणाऱ्या माणसाने घर कुठे बांधायचं?

यावर मात्र शांतता. माजी पंच म्हणाला, येऊन भेटा, बघू. मास्तर म्हणाले, एकत्र कुटुंब मोडलं म्हणून हे झालं. जमीनवाला हसला आणि म्हणाला, फ्लॅट घ्या, मी दाखवतो. वहिनी थोडा वेळ थांबून म्हणाली, ‘मला कायदा ठाऊक नाही. पण पंचायतीत कुणाचा अर्ज आला ते मी दुकानात लावीन.’ दोघे-तिघे हसले. मीही वहीत ते प्रश्नाला सोडून दिलेलं उत्तर म्हणून टिपलं होतं.

आता पंचाच्या हातात नेमकं काय असतं, ते बघू. त्याशिवाय या उत्तरांचं मोल ठरत नाही.

जमीन शेतीची, बागायतीची की वस्तीची हे ठरतं १९७४ च्या नगर व ग्रामनियोजन कायद्याखाली, म्हणजे पणजीत. पंचायतीला तिथे जागाच नाही. घटनेच्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींकडे सोपवण्याजोगे २९ विषय आहेत. त्यात ग्रामीण गृहनिर्माण आहे, जमीन सुधारणा आहे. जमीनवापराचं नियमन नाही. ते बाराव्या अनुसूचीत, नगरपालिकांच्या यादीत आहे, आणि गोव्यात नगरपालिकांनाही ते मिळालेलं नाही, ते नगरनियोजन खातं आणि पीडीए, म्हणजे नियोजन व विकास प्राधिकरणं, बघतात. म्हणजे पंचायतीच्या उमेदवाराला ‘झोन वाढवाल का’ असं विचारणं म्हणजे वीज कधी येईल हे पोस्टमनला विचारण्यासारखं आहे. तोही बिचारा उत्तर देतो.

पण पंचायतीच्या हातात काहीच नाही असंही नाही. घर बांधायचं तर एक-चौदाचा उतारा (जमिनीच्या मालकीची नोंद), झोनिंगचा दाखला, महसूल खात्याची सनद (जमीन बिगरशेती वापरायची परवानगी), नगरनियोजन खात्याची तांत्रिक मंजुरी, आरोग्य खात्याचा ना हरकत दाखला, असे कागद गोळा करून माणूस शेवटी पंचायतीच्या दारात येतो. बांधकाम परवाना पंचायत राज कायद्याच्या कलम ६६ खाली पंचायत देते. बांधून झालं की राहण्याचा दाखला, घर क्रमांक आणि घरपट्टीही तीच देते. सगळे कागद नीट असतील तर पंचायतीला अडवता येत नाही. अडवलं तर अर्जदार पंचायत उपसंचालकांकडे अपिलात जातो. पण अर्ज आला आहे, कुठल्या सर्व्हे नंबरसाठी आला आहे, किती घरांसाठी आला आहे, हे गावात सगळ्यात आधी पंचायतीला कळतं. आवक नोंदवहीत ते लिहिलेलं असतं. आणि बेकायदा बांधकामाला नोटीस काढायची की डोळेझाक करायची, हेही तिथेच ठरतं. जमिनीच्या बाबतीत पंचाची सत्ता या दोन गोष्टींत असते, आणि दोन्हींबद्दल निवडणुकीत कुणी बोलत नाही.

निकाल लागला. वहिनी थोड्या मतांनी निवडून आली. लोक म्हणाले दुकानाची उधारी तिला पावली. असेलही.

प्रकरणाचा खरा गाभा मात्र निकालात नाही, वाड्यातल्या एका घरात आहे. चिऱ्याच्या भिंतींचं जुनं घर, दोन भाऊ, दोघांचे संसार, एका स्वयंपाकघरात दोन गॅस. एक-चौदावर अकरा नावं आहेत. त्यातली काही वारलेल्यांची, काही मुंबईला गेलेल्यांची, एक आत्या सावंतवाडीला. वाटणी करायची तर इन्व्हेंटरीचा दावा घालायचा, सगळ्यांना नोटिसा जाणार, वर्षं जाणार. घरामागे विहीर, विहिरीपलीकडे काजूची नऊशे चौरस मीटरची पट्टी. धाकट्याला तिथे दोन खोल्या बांधायच्या होत्या. मोठ्याची हरकत नव्हती, आत्याने कोऱ्या कागदावर सही द्यायची तयारी दाखवली होती.

झोनिंगचा दाखला काढला तेव्हा कळलं की सेटलमेंटची हद्द विहिरीच्या अलीकडेच संपते. पट्टी ऑर्चर्ड, म्हणजे बागायती झोनमध्ये. तिथे घराला सनद मिळत नाही. बागायतीत फार्महाऊस चालतं, पण त्याला किमान चार हजार चौरस मीटर जमीन लागते. ज्याच्याकडे नऊशे आहे त्याने काय करायचं? आपल्याच काजूखाली, आपल्याच विहिरीच्या पलीकडे पाय ठेवायला जागा नाही, आणि त्याच चढावर वरच्या अंगाला ज्याने एकगठ्ठा भाट घेतलं आहे तो फार्महाऊसच्या नावाने पोहण्याचा तलावही बांधू शकतो. या घरचे लोक मुंडकार, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणारे, नव्हते. मुंडकार असते तर १९७५ च्या कायद्याखाली पंचायत क्षेत्रात तीनशे चौरस मीटरपर्यंत जागा विकत घेण्याचा हक्क तरी असता. तो मामलेदाराच्या कोर्टात किती वर्षं अडकून पडला असता, ही गोष्ट वेगळी.

धाकटा पंचायतीत गेला. तिथे त्याला कुणीतरी गावोगाव मिळतो तोच सल्ला दिला: कागदाच्या मागे लागू नकोस, बांध. २०२३ च्या उन्हाळ्यात त्याने विहिरीपलीकडे चिरे रचले, वर पत्रे टाकले. विजेचं कनेक्शन जुन्या घरावरून ओढलं. घरपट्टी जुन्याच क्रमांकावर. वहिनीला ठाऊक होतं. तिने तक्रार केली नाही, आणि दुकानातल्या यादीतही ते लावलं नाही, कारण अर्ज झालाच नव्हता.

ती यादी तिने खरंच लावली होती. दुधाच्या दराच्या कागदाशेजारी, हाताने लिहिलेली: तारीख, सर्व्हे नंबर, काय मागितलं आहे. अर्जदाराचं नाव नाही, यावर तिने आणि सचिवाने तडजोड केली असावी. त्या यादीमुळे शेजारच्या वॉर्डातल्या चढाची प्लॉटवारी वेळेत कळली. तिथे परवानगीशिवाय डोंगर कापायला सुरुवात झाली होती. नियोजन कायद्याचं कलम १७-अ डोंगरकापणी आणि सखल जमिनीचा भराव पूर्वपरवानगीशिवाय करू देत नाही. मास्तरांनी तक्रार लिहिली, खात्याचं भरारी पथक आलं, काम थांबलं. किती दिवस थांबेल ते बघायचं. तरी ज्या उत्तराला अंगणात लोक हसले होते त्याच्याएवढं काम चारांतल्या दुसऱ्या कुठल्याही उत्तराने केलं नाही.

दरम्यान पणजीत कायदा बदलत होता. २०१८ मध्ये कलम १६-ब आणून झोन बदलण्याची वाट उघडली गेली होती. ती न्यायालयात अडकली आणि २०२३ मध्ये कलम १७(२) आलं: आराखड्यात नजरचुकीने झालेल्या चुका दुरुस्त करण्यासाठी. दुरुस्तीच्या नावाखाली एकेका मालकाच्या अर्जावर भातशेती आणि ऑर्चर्डची जमीन सेटलमेंट होऊ लागली, गावकऱ्यांच्या हरकती न मागवता. गावाला कळायचं ते राजपत्र निघाल्यावर. मास्तर राजपत्र वाचणारे निघाले. दर आठवड्याला पेडण्याचे सर्व्हे नंबर वहीत उतरवायचे आणि वहिनीकडे द्यायचे. हरलेला उमेदवार एवढं करतो, हे मी पहिल्यांदा बघितलं.

मग निवडणुकीनंतर तालुक्यासाठी झोनिंग आराखड्याचा मसुदा आला आणि पेडणे पेटलं. गावोगावी ग्रामसभा, मोर्चे, हरकतींचे गठ्ठे. शेवटी सरकारला मसुदा मागे घ्यावा लागला. या गावातही खास ग्रामसभा झाली आणि अंगणात बसलेले चारही उमेदवार एका बाजूला उभे राहिले. माजी पंच कडाडला. जमीनवाला त्याच्याहून मोठ्याने बोलला, आणि त्याचं कारण त्याने मला नंतर चहा घेताना मोकळेपणाने सांगितलं: मसुद्यात ज्यांच्या जमिनी सेटलमेंटमध्ये आल्या ते मोठे लोक थेट वरून व्यवहार करतात, त्याच्यासारख्याला त्यात काही उरत नाही. विरोधाचं कारण काहीही असो, हात वर होता. ठराव एकमताने झाला.

एकमताने झाला असं इतिवृत्तात लिहिलं आहे. धाकटा मागच्या बाकावरून उठला होता हे त्यात नाही. त्याने कुठूनतरी ऐकलं होतं की मसुद्यात विहिरीमागची पट्टीही वस्तीत येते. ती येत होती की नाही याची खात्री त्यालाही नव्हती. त्याने एवढंच विचारलं, हे सगळं रद्द झालं तर माझ्या खोल्यांचं काय? कुणीतरी ओरडलं, बिल्डरचा माणूस! तो खाली बसला.

मला वाटतं, या प्रकरणातली सगळी गोम तिथे आहे. गोव्यात जमीन राखण्याची चळवळ मोठी आहे आणि तिने मिळवलेलंही मोठं आहे: २००७ चा विजय, त्याच वर्षअखेरीस सेझ (विशेष आर्थिक क्षेत्रं) रद्द करायला लावणं. पण तिच्या भाषेत झोन बदलणारा प्रत्येक माणूस चोर असतो. गावातल्या प्रत्येक वाड्यात असा एक धाकटा आहे, ज्याला झोन बदलून हवा आहे तो विकण्यासाठी नव्हे. त्याचा प्रश्न ग्रामसभा सोडवत नाही म्हणून तो एकतर बेकायदा बांधतो किंवा जमीनवाल्याकडे जातो. मग कायदा सैल करणाऱ्यांना सांगायला बरं पडतं, की बघा, हे आम्ही गोमंतकीयांच्या घरांसाठी करतो. २०११ च्या जनगणनेत गोव्यातलं पाचातलं एकाहून थोडं जास्त घर रिकामं निघालं होतं. म्हणजे घरं कमी नाहीत. ती चुकीच्या जागी, चुकीच्या किमतीला आणि कुलपात आहेत.

मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने कलम १७(२) खालचे नियम आणि मार्गदर्शक तत्त्वं रद्द केली. गोवा फाऊंडेशन, गोवा बचाव अभियान आणि खाजन सोसायटी ऑफ गोवा यांनी याचिका केली होती. मास्तरांनी पेढे वाटले. त्याच महिन्यात त्याच न्यायालयाने रस्त्यांलगतच्या आणि शेतजमिनीतल्या बेकायदा बांधकामांवर कारवाईचा आदेश दिला, आणि वाड्यात पेढ्यांची चव गेली. तलाठी फिरू लागले. धाकट्याने पत्र्यांवर झावळ्या टाकल्या, जसं काही तलाठ्याला झावळ्यांखालचं दिसत नाही.

सरकारने पावसाळी अधिवेशनात घरं कायदेशीर करण्यासाठी दुरुस्त्या आणल्या. त्या सरकारी आणि कोमुनिदादच्या, म्हणजे जुन्या गावसंस्थेच्या सामायिक, जमिनींवरच्या जुन्या घरांसाठी होत्या. स्वतःच्या जमिनीवरच्या बांधकामासाठी २०१६ चा नियमितीकरण कायदा आहे, त्याची मुदत २८ फेब्रुवारी २०१४ पूर्वीच्या बांधकामांपुरती. खोल्या २०२३ च्या. म्हणजे कुठल्याच दारातून आत जाता येत नाही. नियोजन कायद्यात कलम ३९-अ २०२४ पासून आहे. त्याखाली झोन बदलायला अर्ज करता येतो आणि हरकतींसाठी ३० दिवस मिळतात. धाकट्याने अजून अर्ज केलेला नाही. त्याला भीती आहे की त्याचा सर्व्हे नंबर मास्तरांच्या वहीत जाईल.

मी हे मास्तरांना सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, ‘त्याची हरकत मी घेणार नाही. पण त्याच्यासाठी वेगळा नियम कसा लिहायचा, ते सांगा.’

वेगळा नियम लिहिता येतो, असं मला वाटतं. वाड्याला लागून असलेली, गावात राहणाऱ्या कुटुंबाची, ठरावीक मापाच्या आतली पट्टी, एकाच घरासाठी. आणि अशा सगळ्या पट्ट्यांची यादी ग्रामसभेने स्वतः करून खात्याकडे पाठवायची, एकेका मालकाने नव्हे. ठरावाला कायद्याचं बळ नाही, पण पुढे कुणी ‘स्थानिकांच्या घरांसाठी’ म्हणून डोंगर मागायला आला तर स्थानिकांना नेमकं किती हवं आहे याचा कागद गावाकडे असेल. जमीनवाल्याला ही कल्पना सांगितली तर त्याने दोन मिनिटांत तिच्यातली भोकं दाखवली: तीन भावांच्या नावे तीन पट्ट्या करा, पाच वर्षांनी बक्षीसपत्र, नंतर विक्री. दिल्लीचं गिऱ्हाईक वाट बघायला तयार असतं. तो बरोबर आहे. विक्रीबंदीची अट घालावी लागेल, आणि ती अट एक-चौदाच्या शेऱ्यात चढवावी लागेल, नाहीतर सहा महिन्यांत ती कुणालाच आठवणार नाही. भातशेती बिगरशेतकऱ्याला विकण्यावर २०२३ च्या कायद्याने बंधन आलं आहे. तेच तत्त्व घराच्या पट्टीला लावायला काय हरकत आहे?

चार उमेदवारांपैकी कुणाकडेही अशी यादी नव्हती, आणि ती करणं पंचाच्या आवाक्यातलं होतं. वॉर्डात किती घरं आहेत, किती कुटुंबं एका चुलीवर राहतात, किती घरांना कुलूप आहे, हे वहिनी दुकानाच्या उधारीच्या वहीवरून एका बसणीत सांगू शकते. तिने ते कधी ग्रामसभेत मांडलं नाही. विचारलं तर म्हणते, सात पंचांत मी एकटी, सरपंच मध्येच बदलला, कोण ऐकणार? हेही खरं आहे. ग्रामसभा जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबरला ठरलेल्या असतात, शिवाय २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर आणि १९ डिसेंबर. बोलायला दिवस कमी नाहीत. पण अर्ज दाखवणं वेगळं आणि शेजाऱ्याच्या बेकायदा खोल्यांवरून वाद ओढवून घेणं वेगळं. दुसऱ्या गोष्टीने आपली मतं जातात.

पुढची पंचायत निवडणूक २०२७ मध्ये. पोरांनी प्रश्नांचा नवा कागद आत्ताच करायला घेतला आहे. ‘तुमचं मत काय’ हे सगळं त्यांनी खोडलं. आवक नोंदवही दर महिन्याला वाचून दाखवाल का, वाड्यातल्या घरांची गरज मोजाल का, ३९-अ च्या प्रत्येक नोटिशीवर ३० दिवसांच्या आत ग्रामसभा मागाल का, असे प्रश्न उरले. मास्तरांनी एकाची भर घातली: तुमच्या स्वतःच्या एक-चौदावर कुठला झोन आहे, आणि गेल्या पाच वर्षांत तो बदलला का? जमीनवाल्याने लगेच विचारलं, मेहुण्याच्या नावावर असलेली जमीन धरायची का. धरायची, असं ठरलं.